जुनी छत्री धोक्याची नाही, लहान छत्री धोक्याची

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय आपल्या तालुक्यात चहाच्या टपरीवर निघत नाही, पण गेल्या वर्षभरात इनबॉक्समध्ये चौथ्यांदा तोच प्रश्न आला. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आपल्याकडची पोरं-पोरी नोकरीसाठी अमेरिकेत, दुबईत, ऑस्ट्रेलियात गेली. त्यातली काही सुट्टीच्या दिवशी स्कायडायव्हिंग शिकतात. अमेरिकेत किमान पंचवीस उड्या आणि परीक्षा झाली की 'ए' लायसन्स मिळतं. मग भाड्याचं सामान नको वाटतं, स्वतःची रिग घ्यायची हौस येते. नवी पूर्ण रिग साधारण आठ-दहा हजार डॉलरला पडते, जुनी निम्म्यात किंवा त्याहून कमीत मिळते. पोरगं घरी फोनवर सांगतं आणि घरात धरणीकंप होतो. मग वडील मला मेसेज करतात, "तुम्ही पेपरवाले, तुम्ही समजावा त्याला. जिवाचा प्रश्न आहे, सेकंड हँड नको. पैसे मी पाठवतो, पण नवीनच घे म्हणावं."

माझं उत्तर चौघांनाही एकच आहे. काका, पैसे पाठवू नका. पोराला जुनीच घेऊ द्या. फक्त दोन गोष्टींवर अडून बसा. एक, छत्री मोठी हवी. दोन, ती बरी की वाईट हे विकणाऱ्याने नाही, तुमच्या पोराने पैसे देऊन नेमलेल्या रिगरने सांगायचं.

मी स्वतः विमानातून उडी मारणारा माणूस नाही. पण तारीख कोणती, सही कोणाची, फायदा कोणाचा हे बघणं माझा धंदा आहे, आणि जुनी रिग घेताना नेमकं तेच बघायचं असतं.

आधी रिग म्हणजे काय ते बघू. पाठीवर एक बॅग असते, तिला कंटेनर म्हणतात. तिलाच अंगावर आवळायचे पट्टे शिवलेले असतात, ते हार्नेस. आत दोन छत्र्या असतात, एक रोजची मुख्य आणि दुसरी राखीव. चौथी वस्तू म्हणजे एएडी, साबणाच्या वडीएवढं यंत्र. उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा भान हरपून छत्री उघडायची राहिली, तर हे यंत्र जमिनीपासून साधारण साडेसातशे फुटांवर राखीव छत्रीचा दोरा कापतं आणि ती मोकळी करतं. चारही वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वयाच्या असू शकतात. 'रिग किती जुनी आहे?' हा प्रश्नच म्हणून अर्धवट आहे. चार वस्तूंची चार वयं विचारायची.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं की या खेळात माणूस मरतो तो छत्री न उघडल्यामुळे. पूर्वी ते बरंचसं खरं होतं. आज तसं राहिलेलं नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि दहा मृत्यू झाले, हे तिथल्या पॅराशूट असोसिएशनचे आकडे. अलीकडच्या वर्षांतल्या अपघातांच्या नोंदी पाहिल्या तर मृत्यूंचा मोठा वाटा छत्री व्यवस्थित उघडल्यानंतरचा, उतरतानाचा आहे. छत्री चांगली, कापड चांगलं, दोऱ्या चांगल्या. माणूस मात्र जमिनीवर आदळला. बहुतेक वेळा चित्र सारखंच असतं. उतरताना समोर झाड, तार किंवा दुसरा माणूस येतो. घाबरून एका बाजूची दोरी जोरात ओढली जाते. छत्री वळते, पण वळताना खाली झेपावते. उंची शिल्लक नसते.

मोठी छत्री अशा चुकीला थोडी सवलत देते. लहान छत्री देत नाही. ती वेगाने जाते, हात जरासा हलला तरी झटक्यात वळते आणि वळताना जास्त उंची खाते. हे गुण अनुभवी माणसाला आवडतात, म्हणूनच तो लहान छत्री घेतो. तीस उड्यांच्या माणसाला हेच गुण महागात पडतात.

याचा हिशोब सोपा आहे, घरबसल्या करता येतो. माणूस, कपडे, हेल्मेट आणि पूर्ण रिग असं सगळं वजन पाउंडात घ्यायचं आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. याला विंग लोडिंग म्हणतात. समजा पोरगा ७० किलोचा आहे. सामानासह ८२ किलो, म्हणजे साधारण १८० पाउंड. १९० फुटांची छत्री घेतली तर उत्तर ०.९५ येतं. १५० ची घेतली तर १.२. नवख्यासाठी एकच्या वर जाऊ नये, असं जाणते शिक्षक सांगतात. पोरगा ९० किलोचा असेल तर त्याला २३० च्या आसपासची छत्री लागेल. मित्राला जी चालते ती आपल्याला चालेलच असं नाही, मित्राचं वजन वेगळं असतं.

आता बघा, बापाने पाठवलेल्या पैशांतून पोराने कोरी करकरीत १५० ची छत्री घेतली, आणि शेजारच्याने पाचशे उड्या झालेली, तपासून घेतलेली १९० ची जुनी छत्री घेतली. यात जास्त धोक्यात कोण? कोऱ्या छत्रीवाला. नवेपणा कापडाला असतो, हाताला नसतो.

जून महिन्यात आपल्याकडे आई-बाप शाळेचा गणवेश घेतात तेव्हा दोन बोटं मोठा घेतात. वाढत्या अंगाचा. पॅराशूटच्या बाजारात नवखी पोरं हीच अक्कल उलटी लावतात. 'आज जरा लहान आहे, पण शंभर उड्यांनंतर मला हीच लागणार, मग आत्ताच घेतो, दोनदा खर्च कशाला?' ऐकायला काटकसर वाटते. प्रत्यक्षात तो शंभर उड्यांनंतरच्या स्वतःसाठी खरेदी करतोय आणि त्या शंभर उड्या मात्र आजच्या स्वतःला मारायला लावतोय. पहिली छत्री आज जसे आहोत त्या माणसाच्या मापाची असावी. पुढची पुढे बघता येते. आणि म्हणूनच पहिली रिग जुनी घेणं शहाणपणाचं आहे. शे-दोनशे उड्यांनंतर ती बदलावीशी वाटणारच, तेव्हा जवळपास त्याच भावात पुढच्या नवख्याला विकता येते. नवी घेतली तर पहिल्या उडीलाच तिची किंमत खाली येते.

इथे एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. कंटेनर हा ठरावीक मापाच्या छत्र्यांसाठी शिवलेला असतो. १५० साठीच्या बॅगेत १९० ची छत्री बसत नाही. कोंबली तर उघडताना अडचण येऊ शकते. त्यामुळे 'कंटेनर स्वस्तात मिळाला, छत्री नंतर बघू' असं झालं की छत्रीचं माप बॅग ठरवते, वजन नाही. राखीव छत्रीचंही तेच. तिच्याकडे कोणी बघतच नाही, पण वाईट दिवशी तिच्याच खाली उतरायचं असतं, तेही घाबरलेल्या अवस्थेत, कदाचित अनोळखी शेतात. मुख्य छत्री १९० ची आणि राखीव १२० ची, असली जोडी नवख्याने घेऊ नये. हार्नेसही अंगाला बसला पाहिजे. सहा फुटी माणसाचा हार्नेस साडेपाच फुटी पोराला ढिला पडतो आणि छत्री उघडताना माणूस आतल्या आत सरकतो.

आता कागदपत्रं. अमेरिकेतला नियम असा की राखीव छत्री लायसन्सधारक रिगरनेच घडी घालायची आणि ती घडी १८० दिवसच चालते. मुदत संपली की वापरली नसली तरी उघडायची, तपासायची, पुन्हा घालायची. प्रत्येक वेळी रिगर एका कार्डावर तारीख घालतो, सही करतो आणि राखीवच्या पिनेवर दोऱ्याचं सील लावतो. हे कार्ड म्हणजे त्या रिगचा सातबारा. कार्डावर मधली तीन वर्षं कोरी असतील तर विचारा, त्या काळात ती कुठे होती? गॅरेजमध्ये, गाडीच्या डिकीत, की उन्हात? उन्हाने नायलॉन कमजोर होतं. समुद्रात पडलेली, वाळूत घोळलेली रिग बाहेरून स्वच्छ दिसू शकते, मीठ आणि वाळू आत काम करत राहते.

एएडीची तारीख तर पहिली बघा. जर्मनीच्या सायप्रेस यंत्राच्या जुन्या मॉडेलचं आयुष्य साधारण साडेबारा वर्षं, २०१६ पासूनच्यांचं साडेपंधरा. ते संपलं की यंत्र चालू दिसत असलं तरी बाद. नव्याला हजार डॉलरच्या वर लागतात. दीड वर्ष उरलेलं यंत्र असलेली 'स्वस्त' रिग खरं तर किती महाग आहे, ते यावरून काढा.

मुख्य छत्रीत कापडाइतक्याच दोऱ्या महत्त्वाच्या. उघडताना स्लायडर दोऱ्यांवरून घासत खाली येतो, त्या घर्षणाच्या उष्णतेने स्पेक्ट्राच्या दोऱ्या हळूहळू आखडतात. सगळ्या सारख्या आखडत नाहीत. मग छत्री वेडीवाकडी उघडायला लागते, एका बाजूला ओढते. व्हेक्ट्रानच्या दोऱ्या आखडत नाहीत, पण झिजून तुटतात. दोऱ्या बदलता येतात, पण त्याला काही शे डॉलर लागतात, ते भावातून कापायचे. विकणारा म्हणतो, 'फक्त तीनशे उड्या झाल्यात.' त्याला मीटर नसतो. गाडीला असतो, तोही लोक मागे फिरवतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

फार जुन्या सामानाला मात्र हात लावू नका. १९८० च्या दशकातल्या काही गोल राखीव छत्र्यांमध्ये जाळीतल्या आम्लामुळे शेजारचं कापडच कमजोर झाल्याचं आढळलं होतं. वरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं.

आणि 'वरून पाहिलं तर काही दिसत नाही' हाच या सगळ्याचा गाभा आहे. बाजारात बैल घ्यायला जाताना आपण जाणता माणूस सोबत नेतो. दात बघणारा, चालवून बघणारा. आणि तो माणूस विकणाऱ्याचा पाव्हणा नसावा याची काळजी घेतो. इथेही तेच. चांगली पद्धत अशी आहे की विकणारा रिग थेट तुमच्या रिगरकडे पाठवतो, पैसे मधल्या विश्वासू माणसाकडे राहतात, रिगर चारही वस्तू उघडून तपासतो, कंपन्यांनी काढलेल्या सुरक्षेच्या सूचना लागू आहेत का ते बघतो, आणि मग व्यवहार. तपासणीचा खर्च तुमचा. तो वाया गेला, रिग परत पाठवावी लागली, तरी वाईट वाटून घेऊ नका. त्याच पैशाने एक वाईट रिग टळली.

विकणारा तपासणीला तयार नसेल तर बोलणंच थांबवा. 'दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय' हे वाक्य प्लॉटच्या दलालापासून पॅराशूटवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ असतं. आणि गुरू म्हणून ज्याला मानता तोच विकणारा असेल, तर तपासणी दुसऱ्याकडून. यात अपमान कोणाचाच नाही. पहिली खरेदी करण्याआधी आपल्या शिक्षकाला छत्रीचं माप विचारावं आणि त्याने 'मोठी घे' म्हटलं तर वाद घालू नये.

काही मित्र म्हणतील, हा परदेशातला श्रीमंती खेळ, आपल्याला काय त्याचं? पुण्याच्या शीतल महाजनांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. तेव्हापासून हा खेळ मराठी घरांना परका राहिलेला नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात जमीन आणि पाण्यासोबत हवेतले खेळही आहेत. उद्या आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या धावपट्टीवर उड्या सुरू होतील, फीत कापायला पुढारी येतील, फोटो येतील.

छत्री शिवण्याचं ज्ञान देशात नवीन नाही. कानपूरला सरकारी पॅराशूट कारखाना आहे, आग्र्याला हवाई दलाची पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आहे. पण हौशी माणसाला आपली राखीव छत्री नियमाने तपासून देणारा नागरी रिगर आपल्या भागात शोधून दाखवा. म्हणून परदेशातल्या पोरांना एक सांगणं आहे. नोकरी सोडून परत येताना रिग सोबत आणलीत, तर तिची मुदतीची तपासणी कोण करणार याचं उत्तर आधी तयार ठेवा. नसेल तर तिथेच विकून या. कपाटात पडलेली, मुदत संपलेली रिग भाच्याने, पुतण्याने हौसेने बाहेर काढायला वेळ लागत नाही.

आणि गावातल्यांना सांगणं असं की ज्या दिवशी इथे उड्यांचा फलक लागेल, त्या दिवशी तिकिटाचा दर विचारण्याआधी राखीवचं कार्ड बघायला मागा. तारीख आणि सही वाचा. दाखवायला का-कू केली तर मला कळवा, ती बातमी मी करेन.

ज्या चौघांनी विचारलं होतं, त्यांनी ही पोस्ट पोराला पाठवावी. छत्रीचं माप आणि वजनाचा भागाकार त्याच्याकडून करून घ्या. उत्तर एकच्या खाली आलं आणि रिगरचा हिरवा कंदील मिळाला, तर त्याला जुनी रिग घेऊ द्या. उरलेले पैसे त्याने उड्यांवर आणि छत्री उतरवायच्या प्रशिक्षणावर खर्च करावेत.

उड्या मारणारी मंडळी यादीत असतील तर त्यांनी कमेंटमध्ये भर घालावी. माझ्या मांडणीत काही सुटलं असेल तर तेही लिहा. फक्त 'जमिनीवर काय कमी धोके आहेत' असले विनोद नकोत, ते रस्त्यांच्या पोस्टवर करू.