टोळीतील बाळंतपण आणि सुईण
— ऊस विकास अधिकारी



शेतकी खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे, बाळंतपणावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण तोडणी प्रोग्रॅम आमच्याच खात्यातून निघतो आणि आपला ऊस तोडणाऱ्या टोळ्यांत दर हंगामाला काही बाया दिवस गेलेल्या असतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई बसली की खाडा, आणि मुकादमाची उचल तशीच अंगावर. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातही ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते.

गावी आशाताईकडे तिची नोंद असते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की नोंद तिकडे, बाई इकडे. आपल्या गावच्या यादीत ती नसते. निदान ४ तपासण्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, सगळ्यात खंड पडतो. मग वेळ आली की तळावरची म्हातारी सुईण हाच आधार.

या सुईणीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. रात्री कोपीत अडलेल्या बाईचा हात धरून बसते ती हीच. पण रक्तस्राव थांबेना, झटके आले, मूल आडवे असले, तर तिच्या हाती काही नाही. तिथे शिकलेली नर्स आणि दवाखानाच पाहिजे. केंद्र सरकारने २०१८ साली नर्सना १८ महिन्यांचे खास शिक्षण देऊन मिडवाईफ तयार करायचे ठरवले, ते याचसाठी. शिकलेली सुईणच म्हणा ना!

तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला जावा म्हणून आपण केवढी यंत्रणा राबवतो. टोळी उतरताच गरोदर बाया किती, कितवा महिना, कार्ड आहे का, एवढे चिटबॉयने लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायला काय हरकत आहे? कारखान्याने हंगामापुरती एक नर्स नेमावी. तिने आठवड्याला तळ फिरावेत आणि सुईणीला बरोबर घ्यावे, बाजूला सारू नये. बाया पोटातले बोलतात ते सुईणीशीच. आठव्या महिन्यापासून खाडा धरायचा नाही, हे मुकादमाच्या करारातच घालावे. पैसे लागतील, हे मला कळते. मा. संचालक मंडळाने तरीही हा विषय वार्षिक सभेपुढे घ्यावा, ही विनंती.

तोवर ज्यांच्या फडाशेजारी टोळी आहे, त्या सभासदांनी १०२ आणि १०८ हे नंबर सुईणीला सांगून ठेवावेत. रात्री पाणंदीत भरलेली ट्रॉली उभी करू नये. ॲम्ब्युलन्स तिथूनच यायची असते.