चाळ पाडताना बायकांच्या कामाचा हिशेब कोण मांडणार?

लालबाग, परळ, डिलाईल रोड भागात पुनर्विकासाची सभा लागली की भिंतीवर एक रंगीत चित्र टांगलेले असते. खाली दुकाने, वर कार्यालये, त्यांच्या वर घरे, गच्चीवर सौरपट्ट्या, पावसाचे पाणी साठवायला टाकी. याला ‘मिश्र वापर’ म्हणतात आणि ‘शाश्वत विकास’ही म्हणतात. गटाच्या कामानिमित्त मी अशा सभांना जाते. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे दाराशी बायका, हे चित्र बहुधा ठरलेले. घर किती चौरस फुटांचे, भाडे किती, ताबा कधी, असे प्रश्न होतात. ते योग्यच आहेत. पण ‘माझ्या खोलीत चालणाऱ्या धंद्याचे काय?’ हा प्रश्न सभेत क्वचितच निघतो. सभा संपल्यावर जिन्यात मात्र हमखास निघतो.

मला वाटते, खरा प्रश्न हाच आहे. गिरणगावात मिश्र वापर शंभर वर्षांपासून आहे आणि तो मुख्यतः बायकांनी चालवला आहे. आराखड्यात तो मोजलाच जात नसेल, तर नव्या इमारतीत त्याला जागा कोठून मिळणार?

थोडे मागे जाऊन पाहू. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार जेवत कुठे होते? दहा-बारा फुटांच्या खोलीत चूल पेटवून वीस-वीस जणांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायांकडे. ती खोली घर होती, कारखाना होता आणि उधारीची पेढीही होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. त्यातून या बायांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले. म्हणजे स्वयंपाकघर हे कामाचे ठिकाण आहे, हे बँकेने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले. नगररचनेच्या नकाशाने ते अजून मान्य केलेले नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पगार बंद झाले, पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. त्या काळात किती घरे पोळ्या लाटून, मसाले करून, ब्लाऊज शिवून, फॉल-पिको करून, शेजारची मुले सांभाळून बायकांनी तगवली! गिरण्यांच्या जमिनींचा मात्र हिशेब लागला. १९९१ च्या नियमाप्रमाणे जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. त्या जमिनींवर मॉल आले, मनोरे आले. शेजारच्या चाळीत पोळ्या लाटणारी बाई कोणत्याच वाटणीत नव्हती.

मी चाळीचे गोडवे गाणाऱ्यांतली नाही. सामाईक संडासाच्या रांगेत उभी राहणारी गरोदर बाई आणि रात्री गॅलरीतून एकटीने जायला घाबरणारी मुलगी यांना ‘चाळसंस्कृती’ सांगू नये. इमारती खरोखर धोक्याच्या आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या बाईचा आनंद खरा आहे. स्वतःचा संडास, दाराला कडी, मुलीला अभ्यासाला कोपरा, हे तिचे हक्कच आहेत.

म्हणून पुनर्विकास हवा की नको, हा वाद मी घालत नाही. तीन गोष्टी मात्र आपण धसाला लावल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट नावाची. पागडीच्या चाळीत भाडेपावती ज्याच्या नावावर, संमतिपत्रावर सही त्याची, करार त्याच्याशी आणि संक्रमण काळातल्या भाड्याचा धनादेशही त्याच्याच खात्यात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत करार पती-पत्नी दोघांच्या नावाने करण्याची तरतूद आहे. झोपडीत जे तत्त्व मान्य झाले ते चाळीत का नको? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याने बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. पण ते घरच पाडले गेले आणि भाड्याचे पैसे घेऊन नवरा वेगळा राहू लागला, तर ती तो हक्क कोणत्या दारात बजावणार? न्यायालयात दाद मागता येते, पण तोवर रात्र कुठे काढायची? परित्यक्ता, विधवा, माहेरी परतलेली बहीण, यांची नावे पात्रता यादी होण्यापूर्वीच नोंदली गेली पाहिजेत.

दुसरी गोष्ट कामाची. भेंडी बाजारची योजना सांगताना सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने असे आकडे दिले जातात. हा दोष एका योजनेचा नाही. मोजण्याची रीतच अशी आहे. एका रकान्यात घरे, दुसऱ्यात गाळे. जी घरातच गाळा चालवते ती फक्त ‘कुटुंब’ म्हणून उरते. गॅलरीत पापड-कुरडया वाळत घालणारी, लालबागच्या गल्लीतून मसाला कुटून आणून पाव-पाव किलोने विकणारी, तळमजल्यावर असल्यामुळे जिच्याकडे गिऱ्हाईक सहज येते ती शिवणकाम करणारी, यांना चाळिसाव्या मजल्यावर नेऊन बसवले तर त्यांचा धंदा वर जात नाही, खालीच मरतो. गॅलरी नाही, ऊन नाही, आणि दारावरचा रखवालदार गिऱ्हाइकाला नाव-गाव विचारतो.

तिसरी गोष्ट महिन्याच्या खर्चाची. घर फुकट मिळाले तरी लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सफाई, अग्निशमनाची देखभाल यांचे पैसे दरमहा द्यावे लागतात. उत्पन्न तुटले आणि खर्च वाढला की घर भाड्याने देऊन किंवा विकून कुटुंब शहराबाहेर जाते. मग सौरपट्ट्या असूनही तो विकास टिकाऊ कसा? माझी कसोटी सोपी आहे. दहा वर्षांनी तीच बाई त्याच इमारतीत स्वतःच्या कमाईवर राहत असेल, तरच त्याला शाश्वत म्हणावे.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या वेळी स्त्री-संघटनांनी एकत्र येऊन हरकती-सूचना दिल्या, अधिकाऱ्यांपुढे बसून नकाशे वाचले. नोकरदार स्त्रियांसाठी निवास, पाळणाघरे, आधार केंद्रे हे शब्द शहराच्या नियोजनात येण्यामागे तो रेटा होता. आता तोच रेटा एकेका चाळीच्या पातळीवर हवा, कारण बाईच्या आयुष्याचा निकाल तिथेच लागतो.

काय करता येईल? संमतिपत्रावर सह्या होण्याआधी चाळीतल्या बायांनीच खोली-खोलीत जाऊन घरकामधंद्याची यादी करावी: कोण काय करते, किती जागा, पाणी, वीज लागते, गिऱ्हाईक कुठून येते. ती यादी कराराला जोडण्याचा आग्रह धरावा. खालच्या मजल्यांवर संस्थेच्या मालकीचे सामाईक काम-दालन आणि पाळणाघर मागावे. वाळवणासाठी गच्चीचा भाग राखून घ्यावा. विक्रीच्या गाळ्यांपैकी काही संस्थेकडे राहिले तर त्यांच्या भाड्यातून देखभालीचा भार हलका होईल. सहकार कायद्याने संस्थेच्या समितीवर स्त्रियांसाठी दोन जागा राखल्या आहेत. त्या सासू-सुनेच्या नावाने कागदोपत्री भरल्या जाऊ देऊ नयेत.

बिल्डर म्हणेल, हे परवडणार नाही. त्याला विचारावे, की जादा मिळणारे चटईक्षेत्र कुणाच्या नावावर मिळते आहे? ते आपल्या खोल्यांच्या मोजणीवर मिळते. मग त्या खोल्यांत चालणारे कामही मोजायला हवे. सही करण्यापूर्वी आपल्या हातात बळ असते, नंतर फक्त अर्ज उरतात. तेव्हा तुमच्या वस्तीत पुढची सभा लागेल, त्या दिवशी दाराशी उभ्या राहू नका. यादी घेऊन पुढच्या रांगेत बसा.