कन्व्हर्टर तुंबला, म्हणून तो फोडावयाचा काय?



पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत ज्यांचा व्यापार आहे, त्यांना मोटारीवाचून एक दिवस काढणे कठीण. शुक्रवारचा म्हापशाचा बाजार असो, कोलवाळच्या पुलापलीकडील उधारीची वसुली असो किंवा मोपाच्या विमानतळावर पाहुण्यांना पोहोचविणे असो, दाराशी जुनी का होईना, गाडी उभी असते म्हणूनच ही कामे उरकतात. अशा गाडीच्या एका दुखण्याविषयी आणि त्यावर सुचविल्या जाणाऱ्या एका आडमार्गाविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची पेट्रोलची गाडी 2009 सालची. एका पावसाळ्यानंतर ती चढणीवर दम टाकू लागली, पेट्रोल अधिक पिऊ लागली आणि मागून सडक्या अंड्यासारखा दर्प येऊ लागला. तपासणीअंती धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबल्याचे निदान झाले. दुरुस्ती करणारा सहज म्हणाला, “शेट, नवा कशाला घालता? आतली जाळी फोडून काढतो, डबा तसाच बसवतो. बाहेरून कोणाला कळणार नाही.” हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मला तराजूच्या पारड्याखाली चिकटविलेल्या मेणाची आठवण झाली. तेही बाहेरून कोणाला कळत नसते!

हा डबा करतो तरी काय? त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले इंधन व नत्राची घातक ऑक्साइडे या जाळीतून जाताना बव्हंशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नत्रवायू यांत पालटतात. आपल्या देशात 1995 च्या एप्रिलपासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. पेट्रोलमधील शिसे या जाळीला मारक, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याबरोबरच आणावे लागले आणि 2000 साली ते देशभर मिळू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. हा डबा आपोआप क्वचितच तुंबतो. ठिणगी नीट न पडल्यामुळे कच्चे पेट्रोल त्यात जाऊन पेटते व जाळी वितळते, झिजलेल्या इंजिनाचे तेल जळून त्याची राख तीवर बसते, अथवा नळीतील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडल्याने पेट्रोल वाजवीपेक्षा अधिक सुटते व काजळी धरते. घर ते दुकान एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत डबा पुरेसा तापत नाही, आणि तापल्यावाचून तो आपले काम करीत नाही. म्हणून मूळ दोष दूर न करता नवा डबा घालणे म्हणजे तळाशी भोक असलेल्या पिंपात तेल ओतणे होय.

यास्तव प्रथम सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावावयास सांगावे. धूर खरोखरच अडत आहे की नाही, हे अंदाजाने नव्हे, आकड्याने ठरते. मग ठिणगीचे प्लग, कॉइल, सेन्सर व तेलाचा खर्च तपासावा. केवळ काजळी असेल, तर दोष दुरुस्त केल्यानंतर महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालविल्याने पुष्कळदा गुण येतो. जाळी वितळली वा तुटली असेल, तर मात्र डबा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. त्या वेळी जुना डबा मागून घ्यावा. त्यातील धातूंना भंगारातही किंमत असते, आणि ती आपली असते.

खर्च मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढी रक्कम घालवावी काय, हा प्रश्न हिशेबी माणसाला पडणारच. त्याचे उत्तर जमाखर्चानेच द्यावे. गाडी तेवढ्या मोलाची नसेल, तर ती नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावी. परंतु जाळी फोडून ती रस्त्यावर ठेवू नये. हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या 190 व्या कलमानुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड व तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे, तर गाडीची तपासणीही टळत नाही.

तथापि दंडाचे भय हे दुय्यम कारण समजावे. गाडीचे बहुतेक भाग मालकाची सेवा करतात. हा डबा मात्र बाजारपेठेत पायी चालणाऱ्याची, बस-थांब्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची आणि आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसलेल्या गिऱ्हाइकाची सेवा करतो. तो फोडून वाचविलेला पैसा आपल्या वहीत जमा दिसला, तरी त्याची नावे बाजू त्यांच्या फुफ्फुसांत लिहिली जाते. त्या पैशाला नफा म्हणणे मला तरी साधत नाही.

आम्ही प्लग व सेन्सर बदलले, नवा डबा घातला आणि पक्के बिल घेतले. गाडी आता चढण निमूटपणे चढते. आपल्या संघटनेनेही एक दाबमापक विकत घेऊन सभासदांसाठी ठेवावा आणि बिल व जुना भाग हातात देणाऱ्या गॅरेजांची यादी करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. सभासद तिचा विचार करतील, असा विश्वास वाटतो.