‘दाखल झाला’ म्हणजे काय?

२०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात पोचला आणि अवघ्या दोन दिवसांत, २६ मे रोजी, मुंबईत आणि पुण्यात. मुंबईची सरासरी तारीख ११ जून; म्हणजे तो तब्बल सोळा दिवस आधी आला. बातमी आनंदाचीच होती. पण त्यानंतर त्याची वाटचाल महाराष्ट्रातच थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकली नाही. मे महिन्याच्या पावसाने शेतात चिखल झालेला, वखरणी-पाळीची कामे राहून गेलेली आणि वर कोरडे आभाळ. ‘मान्सून आला’ असे वर्तमानपत्रात वाचलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न होता: बी टाकायचे की थांबायचे?

या प्रश्नाचे उत्तर ‘मान्सून दाखल’ या दोन शब्दांत नसते. केरळातले आगमन जाहीर करण्यासाठी हवामान खाते ठरावीक १४ केंद्रांकडे पाहते. त्यांतल्या किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो. त्याबरोबर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची खोली व वेग आणि ढगांची दाटीही तपासली जाते. शास्त्राच्या दृष्टीने ही कसोटी योग्यच आहे, कारण तिला वाऱ्यांची मोठी व्यवस्था बदलली की नाही एवढेच ठरवायचे असते. आपल्याकडचा कृषी विभाग मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका, असे दरवर्षी सांगतो. कुठे अडीच आणि कुठे शंभर! एकाच बातमीतल्या ‘आगमना’चा वेधशाळेचा अर्थ आणि बांधावरचा अर्थ यांत एवढे अंतर आहे, आणि त्याची किंमत बांधावरच्या माणसाला मोजावी लागते. सोयाबीनला एकरी सुमारे तीस किलो बियाणे लागते. उगवण झाल्यावर पावसाने ओढ दिली, रोपे माना टाकू लागली, की दुबार पेरणी. पुन्हा बी, पुन्हा मजुरी, आणि तीही बहुधा उसनवारीने.

असाच दुसरा शब्दप्रयोग ‘तुरळक ठिकाणी’. हवामान खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ नेमका आहे: त्या विभागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. म्हणजे ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ हा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी चारांतल्या तीन केंद्रांवर थेंबही पडलेला नसतो. तिथला माणूस म्हणतो, अंदाज चुकला. ही टक्केवारी त्याला कुणी सांगितलेलीच नसते, मग त्याला दोष कसा देणार?

अंदाज खरोखर चुकतातही, आणि त्याची कारणे आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला जेमतेम ७४. आपल्या पावसाचे स्वरूपच असे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली नवी प्रणाली आता सहा किलोमीटरच्या चौकटीत आकडेमोड करते. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. ही मोठी मजल आहे आणि या शास्त्रज्ञांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण चौकट कितीही लहान केली, तरी अंदाज शेवटी शक्यतेचाच असतो. रेड अलर्ट दिला, शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर ऊन पडले, तर शिक्षकाचा पगार कापला जात नाही. त्या दिवशी कामावर न गेलेल्या बिगाऱ्याची मजुरी मात्र बुडते. तीन वेळा असे झाले की चौथ्या वेळी तो अलर्टकडे पाहत नाही, आणि नेमका तोच खरा असला तर जिवावर बेततो. विश्वास उडण्यातला खरा धोका हा आहे.

हा विश्वास टिकवायचा तर चूक-बरोबरचा हिशेब लोकांसमोर मांडायला हवा. अंदाजांची पडताळणी खाते करते, पण ती तांत्रिक इंग्रजी अहवालांत राहते. दुसरीकडे राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी आहेत; रोजचा मोजलेला पाऊस उपलब्ध आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्लाही आहे. सगळे आहे, फक्त एकत्र आणलेले नाही.

ग्रामपंचायतीच्या फलकावर तीन ओळी पुरतील: या आठवड्यात काय सांगितले होते, आपल्या मंडळात प्रत्यक्ष किती मिलिमीटर पडला, आणि एक जूनपासून एकूण किती झाला. तिसरी ओळ ७५ च्या आत आहे तोवर टीव्हीवर कोणीही काहीही म्हणो, बियाण्याची पिशवी उघडू नये, हे त्याखाली ठळक अक्षरांत लिहावे. याला नवे यंत्र लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. ग्रामसेवक, कृषी सहायक आणि खडूचा एक तुकडा पुरे. कृषी विभागाने तसे परिपत्रक मृगापूर्वी काढावे.