जिद्द पुरे, बॅकअप द्या

आमच्या वाशिमवर कुणी रील केली की खाली एकच शब्द येतो: जिद्द. डोंगर खोदणारे हात, घामेजलेले चेहरे, मागे ढोल-ताशा. मला या शब्दाचा आता राग येतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला तर आम्ही त्याच्या जिद्दीचं कौतुक करत नाही. दुसरा आधीच तयार असतो, त्याचे पैसे कंपनीने भरलेले असतात. तग धरणं म्हणजे कुणीतरी आधी केलेला खर्च. वाशिममध्ये मात्र माणूसच बॅकअप असतो.

आमचा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णा इथल्या डोंगरांतून निघते आणि महानच्या धरणातून अकोला शहराची तहान भागवते. अडाण, अरुणावती दुसऱ्या अंगाने गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात. जमिनीखाली काळा पाषाण, त्यात पाणी फार मुरत नाही. उगम आमचा, साठा दुसऱ्याचा. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या यादीत आम्ही ‘आकांक्षित जिल्हा’ झालो. आकांक्षा होतीच की! कमी होतं ते पाणी आणि काम.

२०१७ मध्ये कारंजा तालुका पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये उतरला. लोकांनी भर उन्हाळ्यात श्रमदान केलं. त्या घामाला मी नावं ठेवणार नाही. पण अडवलेलं पाणी जातं कुठं? विहिरीत. आणि विहीर कुणाची? ज्याचं शेत त्याची. ज्याला शेतच नाही, तो दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो, नाहीतर पुण्या-मुंबईत बांधकामावर. तांड्यात म्हातारी माणसं उरतात. याला तग धरणं म्हणायचं?

‘मग लोकांनी हातावर हात धरून बसायचं का?’ नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी कौतुक नाही, काम मागितलं. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ मध्ये. तेव्हा खोदकामाची मजुरी मिळायची. आज त्याच खोदकामाला टाळ्या मिळतात.

पाण्याच्या वाटपाचंही उत्तर महाराष्ट्रात आहे. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरवला. भूमिहीनांनाही हक्क दिला, उसाला मनाई केली. आमच्या मजुराला गाव सोडायला लावणारा तोच ऊस!

म्हणून पुढची रील लाइक करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: खोदणाऱ्याला मजुरी मिळाली का? आणि पाण्यात त्याचा वाटा किती?