चागासची भीती नको, मुलांच्या घसादुखीकडे लक्ष द्या

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील काही तज्ज्ञांनी चागास हा आजार आता त्यांच्या देशातही स्थानिक मानावा, असे मांडले. ढेकणासारख्या रक्त पिणाऱ्या किड्यातून पसरणारा हा संसर्ग अनेक वर्षांनी काहींचे हृदय निकामी करतो. बातमी वाचून राजारामपुरीतल्या दवाखान्यात रुग्ण विचारतात, "डॉक्टर, आपल्याकडे आहे का हा किडा?"

चागास मुख्यतः लॅटिन अमेरिकेतला आजार आहे. भारतात तो स्थानिक नाही. पण लहानपणीच्या संसर्गातून हृदय बिघडवणारा आजार आपल्या खेड्यांतही आहे: रुमॅटिक हृदयविकार.

त्याची सुरुवात स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे होणाऱ्या घसादुखीतून होते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा, घोटा, मनगट असे एकेक सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. अनेकींना त्याचा पत्ता गरोदरपणी धाप लागल्यावरच लागतो.

काय करावे?

- ५ ते १५ वर्षांच्या मुलाला ताप आणि घसादुखी असेल तर डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक दिले तर कोर्स पूर्ण करा.
- सांधे सुजले तर नुसत्या वेदनाशामक गोळीवर थांबू नका. टूडी इको करून घ्या.
- पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी सांगितले असेल तर बरे वाटले म्हणून बंद करू नका. ते अनेक वर्षे घ्यावे लागते.
- शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ही तपासणी मोफत असते.