हिस्सेदारांच्या सहीवर चालणारी गाडी

मालवण तालुक्यातल्या एका बैठकीत परवा एका अभ्यासू गृहस्थांनी सूचना मांडली. घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायचा तर आधी ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला घ्यावा, जागेच्या सर्व हिस्सेदारांची संमतिपत्रं जोडावीत आणि घर किनाऱ्यालगत असेल तर सीआरझेडचाही अभिप्राय मागवावा. कारणं तीन: चार्जरने आग लागते, ट्रान्सफॉर्मरवर भार येतो, आणि ‘उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ तिसऱ्या कारणावर निम्म्या सभेने माना डोलावल्या. आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर लागत नाही, नुसता विचारला की काम भागतं.

सीआरझेडचं आधी उरकून टाकू. भिंतीवरच्या मीटरएवढ्या डब्याने भरती-ओहोटीत काय फरक पडतो, ते समुद्रालाच विचारावं. ट्रान्सफॉर्मरचा मुद्दा खरा, पण तो महावितरणचा. मंजूर भार वाढवून घ्यायची सोय तिथे आहेच. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने ट्रान्सफॉर्मरची ताकद वाढत नाही.

माझा राग आहे तो संमतिपत्रावर. हे सुचवणाऱ्याने कोकणातला सातबारा कधी उघडून पाहिलाय का? पणजोबांच्या वेळचं घर आणि खाली वारसांची रांग. एक काका डोंबिवलीला, आत्या बेळगावला, तिचा मुलगा दुबईला. दोघं वारलेले, त्यांची वारसनोंद अजून व्हायची आहे. घरात राहणारा एकटा माणूस घरपट्टी भरतो, दरवर्षी शाकारणी करतो, वीजबिल भरतो, आणि पडवीच्या भिंतीला एक डबा लावायचा तर त्याने दुबईहून सही मागवायची! बरं, भाऊबंदकीत सही कधी फुकट मिळते? ‘चार्जरक सही देतंय, पण आधी त्या चार माडांचा काय ता ठरवा,’ इथून बोलणी सुरू होतात. गणपती विसर्जनाला निघाले तरी चर्चा माडांवरून खाली उतरत नाही. जर्मनीने १ डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकाला चार्जर मागायचा हक्कच दिला. बाकीच्या मालकांनी तो कसा बसवायचा हे ठरवावं, नकोच म्हणू नये. आमचे गृहस्थ मात्र नकाराचीच वाटणी करायला निघालेत, तीही सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला.

दरम्यान गाडी कोणी थांबवत नाही. चाकरमानी ती घेऊन येतो, आणि खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर पडतो. वायर गडग्यावरून खळ्यात, जोडाला काळी टेप, पाऊस आला की वर प्लास्टिकची पिशवी. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढलेला असतोच. स्क्रू सैल, प्लग हाताला गरम. कागदाच्या अटीने धोका गेला नाही, भिंतीवरून उतरून ओल्या जमिनीवर आला.

घरात पाहुणे ठेवून न्याहारी देण्याची टूम निघाली, तेव्हाही हाच वाद झाला होता. शेजाऱ्यांची संमती हवी म्हणून हटून बसलेल्यांपैकी काहींच्या दारात आज ‘रूम उपलब्ध’ अशी पाटी आहे. त्याआधी गॅस सिलिंडरने घरं उडणार होती, पण ते राहू दे.

आता आग. इलेक्ट्रिक स्कूटरना २०२२ साली आगी लागल्या, नाकारत नाही; त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. पण होडीच्या मशीनसाठी पडवीत पेट्रोलचा कॅन ठेवताना कोणी दाखला मागितला? १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल योग्य भांड्यात विनापरवाना ठेवू देतो. तीस लिटर पेट्रोलला मोकळीक आणि पंधरा अँपिअरच्या प्लगला ग्रामसभा! केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच घरच्या खासगी चार्जिंगला मुभा दिली आहे. ती सूचना आमच्या बैठकीपर्यंत पोचायला बहुधा होडीने निघाली असावी.

मग काहीच अट नको? हवी, पण विजेची. परवानाधारक वायरिंग ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि महावितरणला कळवणं, बस्स. चार्जिंग स्टेशनांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, तेच घरी लावावेत: चार्जरला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारं आरसीडी, जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट. गृहस्थांच्या यादीत यातलं एकही नाही.

अर्थिंगचं माप मात्र मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी घ्यावं. जांभा दगड तेव्हा सर्वांत कोरडा असतो. जुलैच्या चिखलात घेतलेलं माप कोणत्याही घराचं चांगलंच येतं.